जज अहो

आमचे हे टेक्सासात जज आहेत. लगेच डोळे मोठे करू नका. खून, दरोडे, अब्जाधीशांचे घटस्फोट असलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यांच्याकडे येतात ती घरमालक-भाडेकरूंची भांडणं, गाडी जोरात हाकल्याच्या पावत्या, शेजाऱ्याचं भुंकणारं कुत्रं आणि उसनं नेऊन परत न दिलेलं सामान. या पदाला इथे 'जस्टिस ऑफ द पीस' म्हणतात. त्यासाठी वकील असावं लागत नाही, नुसतं निवडून यावं लागतं. आमचे हे जन्मभर टेलिफोनच्या कंपनीत इंजिनिअर होते. माणसांना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे, एवढंच तेव्हा त्यांचं काम होतं. माणसं काय बोलतात ते ऐकायची पाळी निवृत्तीनंतर आली.

फ्रिस्को शहरातल्या आमच्या भागात त्यांना सगळे 'जज अहो' म्हणतात. हे त्यांचं नाव नाही, हे तुम्हाला सांगायला नको. खरं नाव मी इथे लिहिणार नाही. लाजते म्हणून नव्हे, या वयात लाजायला वेळ कुणाला आहे? पण आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेत नसत. आमच्या सासूबाई म्हणायच्या की बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. मी केमिस्ट्रीची पदवीधर आहे, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण उगाच प्रयोग कशाला करून बघा?

मी अधूनमधून त्यांच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसते. घरी टीव्हीवर याहून बरं काही नसतं. समोर कुणीही आलं की हे आधी विचारतात, "तुमचं नाव तुमच्या घरी कसं म्हणतात?" मग तो माणूस गोंधळून नाव सांगतो, हे तीनतीनदा म्हणून बघतात, नीट जमेपर्यंत पुढे जात नाहीत. गाडी जोरात हाकणारे लोक त्यानेच निम्मे नरम पडतात. मागे एकाने मेहुण्यावर फिर्याद केली होती, मांस धुरावर शिजवायची भलीमोठी शेगडी नेली आणि परत दिली नाही म्हणून. आमचे हे कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात न खाणाऱ्या घरातले. त्यांनी अगदी निरागसपणे विचारलं, "त्या शेगडीत नेमकं करतात काय?" झालं. दोघेही ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस, कसं शिजवायचं ते सांगायला लागले. लाकूड कुठलं, मीठ कधी, झाकण कधी उघडायचं नाही. एकाने सांगितलं की दुसरा मान डोलवायचा. तासाभराने दोघे फिर्याद मागे घेऊन गळ्यात गळे घालून बाहेर पडले, बहुधा जेवायला. आमच्या ह्यांना मात्र त्या दिवशी घरी येऊन वरणभातही गेला नाही.

लग्नंही लावतात. पहिलं लग्न लावलं तेव्हा खिशातून अक्षता काढून उधळल्या. नवरीला वाटलं छत गळतंय. कोर्टातला शिपाई अजून कोपऱ्यातले तांदूळ वेचतो.

आणि हाच माणूस घरी अळूची वडी करू की कोथिंबिरीची, एवढं विचारलं तर म्हणतो, "दोन्ही बाजू आहेत बघ याला." मी दोन्ही करते. न्याय असाच होतो आमच्या घरात.

तर हे 'अहो' प्रकरण सुरू कसं झालं ते सांगते. आम्ही इथे घर घेतलं तेव्हा आजूबाजूला शेतं होती, गाई होत्या आणि आमच्या कुंपणापलीकडे कोच होता. शाळेत फुटबॉल शिकवून निवृत्त झालेला, दरवाजाएवढा माणूस. अख्खी गल्ली त्याला कोच म्हणायची, त्याची बायकोसुद्धा. मधे लाकडी कुंपण होतं, पण ते नजरेपुरतं, आवाजापुरतं नव्हे. आणि माझा आवाज आमच्या मिरजेत शेजारच्या आळीत ऐकू जायचा.

"अहो, चहा झालाय!"

"अहो, पाणी बंद करा, तळं झालंय!"

"अहो, ऐकलंत का?"

ह्यांनी ऐकलं की नाही देव जाणे, कोचने सगळं ऐकलं. एका सकाळी हे कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला गेले तर कोच हात उंचावून ओरडला, "मॉर्निंग, आहो!" हे वळले, हात हलवला आणि आत येऊन मला म्हणाले, "कोच फार सुसंस्कृत माणूस निघाला. आदरार्थी हाक मारतो. मराठी शिकतोय की काय?"

मी म्हटलं, "आदरार्थी कसली कपाळाची! त्याला वाटतंय तुमचं नावच ते आहे. जा, सांगून या."

"राहू दे गं. मी लगेच वळलो ना? काम झालं."

यांचं सगळं असं. टेलिफोन लागला, पलीकडून आवाज आला, म्हणजे झालं काम. ऑफिसात तर यांच्या नावाची दोनच अक्षरं उरली होती, कुणीतरी पहिल्याच दिवशी कातरून टाकलेलं. त्यापेक्षा 'अहो' बरं, निदान पूर्ण शब्द तरी होता. बघता बघता टपाल आणणारा, गवत कापणारा, समोरच्या घरातली म्हातारी, सगळे 'अहो' म्हणायला लागले. आताच्या पुण्या-मुंबईहून आलेल्या मुली नवऱ्याला सर्रास 'अरे' म्हणतात. त्या माझ्याआधी इथे राहायला आल्या असत्या तर आज टेक्सासात 'जज अरे' असते. सुटलो म्हणायचं.

एकदा हौसेने कोचला आम्ही महाराष्ट्र मंडळाच्या सहलीला नेलं. तळ्याकाठी बाकं मांडलेली, आमच्या वयाच्या सगळ्या जोड्या जमलेल्या. एक बाई ओरडली, "अहो, गाडी लॉक केलीत का?" पाच-सहा पुरुषांनी माना वळवल्या. दुसरी ओरडली, "अहो, पोहे संपताहेत!" आता सगळेच उठले. कोचच्या हातातली बटाटेवड्याची बशी तिथेच थांबली. तो वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "मॅम, हे सगळे एकाच घराण्यातले का?" मी हसत सुटले, त्याला वाटलं मी हो म्हटलं. त्या दिवसापासून तो यांना 'हेड अहो' म्हणायला लागला. मुख्य अहो. घराण्यातला कर्ता पुरुष.

राजकारणात हे पडले ते कोचमुळेच. इथे प्रत्येक वसाहतीची एक असोसिएशन असते आणि तिला जगातली सगळी कामं सोडून लोकांच्या दारांचे रंग बघायचे असतात. आमच्याकडे एका बाईने दार जांभळं केलं. गल्लीत दोन तट पडले. कोच सभेत उठून म्हणाला, अहोला नेमा, तो सगळ्यांचं ऐकून घेतो. हात वर करून मतदान होतं, सगळ्यांनी 'अहो, अहो' म्हणत हात वर केले, आणि आमचे हे असोसिएशनवर गेले. मग त्यांनी खरंच सगळ्यांचं ऐकून घेतलं. इतकं ऐकून घेतलं की लोक दमले. शेवटी निकाल दिला की दार जांभळं राहील, पण ते लोकांच्या नजरेला पडू नये म्हणून बाईंनी दिवसा सताड उघडं ठेवावं. ऐन उन्हाळा. घरातली सगळी गार हवा रस्त्यावर. आठवड्याच्या आत बाईंनी स्वतःच्या हाताने दार पांढरं केलं. यांची कीर्ती पार पेट्रोल पंपापर्यंत गेली.

यांना विचारलं तर म्हणतात, "मी खरंच तो मध्यममार्ग समजत होतो." ते मी कुणाला सांगत नाही.

पुढे सासूबाई गेल्या. मिरजेलाच होत्या, धाकट्या दिरांकडे. दर रविवारी फोन व्हायचा. त्यांचा टेलिफोनवर विश्वास नव्हता, मुलगा त्यातलाच इंजिनिअर असूनही. अंतर मोठं आहे म्हणजे ओरडलंच पाहिजे, असा त्यांचा हिशेब. फोन लागला रे लागला की त्या यांच्या नावाने अशी हाक मारायच्या की मला स्वयंपाकघरात ऐकू यायची. चारही अक्षरं खणखणीत, शेवटचं लांबवून. कोचने ती कधी ऐकली नाही हे नवलच.

दिवस-कार्य करून आम्ही परत आलो. हे नेहमीसारखेच होते, चहा पीत होते, कचरा टाकत होते. आणि मग एक दिवस जेवताना म्हणाले, "मी सिटी कौन्सिलला उभा राहतोय."

मी वाटी खाली ठेवली. "तुम्हाला वडी ठरवता येत नाही. शहर काय ठरवणार?"

"शहराचं नाही गं तेवढं." त्यांनी भातात आळं केलं. "तिथे निवडून आलं की सभेत नाव पुकारतात. रोलकॉल असतो. प्रत्येक सभेला."

"मग?"

"मग काही नाही. बघ ना, भाऊ मला दादा म्हणतात. पोरगी बाबा म्हणते. मंडळात काका. तू अहो. ऑफिसात ती दोन अक्षरं. आई गेल्यापासून मला नावाने हाक मारणारं कुणीच उरलं नाही. एवढं नाव ठेवलं माझं, हौसेने ठेवलं असेल, आणि ते आता नुसतं पासपोर्टवर आहे."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "भाजी वाढू का?"

दुसऱ्या दिवशी हे बाहेर गवताला पाणी घालत होते तेव्हा मी स्वयंपाकघरात कुकरसमोर उभी राहून प्रयत्न केला. म्हटलं, बघू तर, काय मोठंसं! पहिलं अक्षर आलं. दुसरं आलं. तिसऱ्याला जीभ अशी अडकली की जणू मी परक्या पुरुषाशी भलतंच काही बोलायला निघालेय. कान गरम झाले. तेवढ्यात खिडकीतून हे म्हणाले, "काय म्हणालीस?" मी म्हटलं, "डाळ. डाळ म्हटलं." कुकरची शिट्टी झाली म्हणून सुटले.

निवडणुकीच्या पाट्या छापल्या. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत यांचं नाव आणि आडनाव, आणि दोन्ही मिळून एवढं लांब की अक्षरं बारीक करावी लागली. गाडीतून जाणाऱ्याला सिग्नल लाल असेल तरच वाचता यावं. हे मात्र पाटीसमोर हाताची घडी घालून उभे राहायचे. मला एकदा म्हणाले, "छान दिसतं नाही?" मी म्हटलं, "हो." खरंच छान दिसत होतं.

कोचला यांनी सांगितलं की मी उभा आहे. कोच म्हणाला, काळजी सोड, अख्खी गल्ली तुझी. आणि निवडणूक झाली आणि हे पडले. थोडेथोडके नाहीत, सपाटून पडले. आपल्या गल्लीतसुद्धा पडले. संध्याकाळी कोच आमच्या दारात आला, तोंड एवढंसं करून.

"अहो, झालं काय? तू माघार कधी घेतलीस? यादीत तुझं नावच नव्हतं!"

यांनी कोचच्या खांद्यावरून गवतातल्या पाटीकडे पाहिलं.

"तुझ्या जागी दुसराच एक भारतीय माणूस उभा होता, लांबलचक नावाचा. मी म्हटलं, यानेच माझ्या मित्राची जागा खाल्ली. मी मुद्दाम त्याच्याविरुद्ध मत दिलं. गल्लीत सगळ्यांना सांगितलं, त्या माणसाला एक मत द्यायचं नाही!" मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "आणि तू काय मोठ्या मनाचा माणूस, त्याचीच पाटी स्वतःच्या गवतात लावलीस."

आमच्या ह्यांनी कोचचा हात हातात घेतला आणि त्याला 'थँक यू' म्हटलं. दार लावून घेतलं. मी सोफ्यावर पडून हसत होते, पदराने डोळे पुसत होते, हसू आवरेना. मग यांच्याकडे लक्ष गेलं. ते दाराशीच उभे होते.

"म्हणजे माझ्या नावाविरुद्ध प्रचार झाला," ते म्हणाले. "माझ्यासाठी."

माझं हसू तिथेच थांबलं. मला फार वाईट वाटलं. पाट्या त्यांनी स्वतः उपटल्या, गॅरेजमध्ये नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवल्या.

कोचला खरा प्रकार कळला तो समोरच्या म्हातारीकडून. दुसऱ्या दिवशी तो पीच पाय नावाचं गोड पक्वान्न घेऊन आला आणि आमच्या ओट्याशी बसून म्हणाला, "मला तुझं खरं नाव शिकव. मी शिकल्याशिवाय उठणार नाही." यांनी शिकवलं. कोचने प्रयत्न केला. त्याच्या कपाळावर घाम आला. पहिल्या खेपेला त्यातून पडवळ निघालं. खोटं सांगत नाही, स्पष्ट पडवळ. दुसऱ्या खेपेला जे निघालं ते मी लिहू शकत नाही, मी हातातलं भांडं घेऊन बाहेर गेले. एवढा मोठा माणूस, पोरांना ओरडून ओरडून आयुष्य गेलेलं, आणि चार अक्षरांपुढे रडकुंडीला आला. शेवटी आमच्या ह्यांनाच त्याची दया आली. "अहो इज फाइन, कोच," ते म्हणाले. "ते पण माझंच आहे."

त्यानंतर आमच्या भागातले जुने जस्टिस ऑफ द पीस निवृत्त व्हायचे ठरले आणि गल्लीने एकमुखाने ठरवलं की आता अहो. जांभळं दार कुणी विसरलं नव्हतं. हे तयार नव्हते. पण जज झालं की आधी शपथ असते आणि शपथेत पूर्ण नाव असतं, असं कुणीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी हे उभे राहिले. कुठल्या पक्षाकडून ते सांगत नाही, माझ्या हळदीकुंकवाला दोन्हीकडच्या बायका येतात.

आमची मुलगी शिकागोत वकील आहे. तिचा फोन आला तो तापलेलाच.

"बाबा, यू आर नॉट इव्हन अ लॉयर! मी लॉ स्कूल केलं. लोन घेऊन केलं. अँड यू गेट टू बी द जज?"

"तू पण उभी राहा की," हे म्हणाले.

मग ती जरा निवली आणि तिनेच तोडगा काढला. टेक्सासात म्हणे मतपत्रिकेवर नाव आणि आडनावाच्या मधे तुमचं टोपणनाव अवतरणचिन्हात छापून मिळतं, लोक काही वर्षं तुम्हाला त्या नावाने ओळखत असले म्हणजे झालं. साक्ष द्यायला कोच एका पायावर तयार होता. आमच्या ह्यांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"मग सगळे अवतरणचिन्हातलंच वाचतील," ते म्हणाले. "बाजूचं कोण बघणार?"

"बाबा, ऑर यू कॅन लूज अगेन."

दोन्ही बाजू होत्या याला. दोन दिवस त्यांनी दोन्ही पाहिल्या. मग फोन उचलून तिला म्हणाले, "घाल ते अहो."

प्रचाराला मी निघाले. मुलीने मला दोन वाक्यं शिकवली होती. दार उघडलं की हसायचं आणि म्हणायचं, प्लीज व्होट फॉर माय हजबंड. पुढचं तिने शिकवलं नव्हतं. पुढचं म्हणजे लोक विचारतात, त्याचं नाव काय? 'अहो' सांगायला मला लाज वाटे, ते काय नाव आहे? आणि खरं नाव तर घ्यायचं नव्हतं. मग मी काही न बोलता कार्ड पुढे करायची आणि नावाखाली बोट धरायची. मुक्यासारखी. एका आजींनी कार्ड वाचलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे रस्त्यावर बघितलं आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "हनी, आर यू सेफ?" मी म्हटलं, "यस यस, व्हेरी सेफ." त्यांचा विश्वास बसला नाही. मला आत नेऊन लिंबू सरबत पाजलं आणि म्हणाल्या, कधीही ये, दिवस असो रात्र असो. त्यांनी यांना मत दिलं नसावं. पण अजून फोन करून माझी खुशाली विचारतात, आणि यांनी फोन उचलला की ठेवून देतात.

हे निवडून आले. कोचच्या अंगणात सगळी गल्ली जमली होती, निकाल कळला तशी 'आहो, आहो' अशी एकच आरोळी उठली. कोचने यांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तो पाठीच्या दुखण्यामुळे अर्ध्यावर सोडला. हे हसत होते, सगळ्यांशी हात मिळवत होते. घरी येताना मला म्हणाले, "जिंकला तो अहो. मी आपला सोबत होतो." मी म्हटलं, "काहीतरीच काय!" पण मला कळलं होतं.

आणि मग शपथविधी. कोर्टाच्या त्याच खोलीत, जिथे आता हे बसतात. मुलगी शिकागोहून आली होती, नवा सूट घालून, वडिलांपेक्षा तीच जज वाटत होती. कोचने टाय बांधला होता, त्याचा चेहरा त्यामुळे लाल झाला होता. इथे पद्धत अशी की बायकोने समोर पुस्तक धरायचं आणि नवऱ्याने डावा हात त्यावर ठेवून उजवा वर करायचा. पुस्तक कुठलंही चालतं असं कळल्यावर मी देवघरातली पोथी घेतली होती. शपथ द्यायला निवृत्त होणारे म्हातारे जज उभे होते, पांढऱ्या मिशांचे, फार अदबशीर गृहस्थ.

"रिपीट आफ्टर मी," ते म्हणाले. "आय..."

आणि त्यांनी कागदाकडे पाहिलं. चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. पहिलं अक्षर बरं म्हटलं, मग पाय घसरला आणि पडवळावर जाऊन थांबले. "आय बेग युअर पार्डन," म्हणाले आणि पुन्हा सुरुवात केली. या खेपेला पडवळही राहिलं नाही.

मागून कोच मदतीला धावला. "जस्ट से अहो, जज!" खोली हसली.

म्हातारे जज हसले नाहीत. म्हणाले, "नाही. शपथ खऱ्या नावानेच होईल. आणि ते नीट म्हटलं जाईल." मग माझ्याकडे वळले. "मॅम, तुम्ही मदत कराल का? तुमच्या यजमानांचं नाव कसं म्हणतात?"

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. मुलीला माझं सगळं माहीत. ती चटकन म्हणाली, "आय कॅन से इट." आमचे हेही म्हणाले, "मी सांगतो, जज." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोथीवर ठेवलेल्या स्वतःच्या हाताकडे बघत होते, उजवा हात वर तसाच. माझ्याकडून त्यांची अपेक्षाच नव्हती. इतकी वर्षं संसार केला आणि या माणसाची माझ्याकडून एवढीसुद्धा अपेक्षा नव्हती. मला त्या क्षणी रागच आला. यांचा, माझा, सासूबाईंचा, सगळ्यांचाच.

"थांबा," मी म्हटलं.

आणि मी नाव घेतलं. हळू घ्यायचं ठरवलं होतं, पण माझा आवाज मला कधी हळू करता आलेला नाही. चारही अक्षरं खणखणीत बाहेर पडली आणि शेवटचं लांबलं.

"ओ!" हे म्हणाले.

शपथ घेणाऱ्या माणसाच्या आवाजात नाही. अंगणात खेळणारं पोर आईच्या हाकेला जशी ओ देतं तशी, मोठ्याने, मान वर करून. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'काय' ऐकलं होतं, 'आलो' ऐकलं होतं, 'हं' तर हजारदा. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. मला माहीतच नव्हतं की तो त्यांच्यापाशी आहे.

म्हाताऱ्या जजांना वाटलं, ते 'ओ' म्हणजे नावाचाच शेवट. त्यांनी मान डोलावली, मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं, आणि मग यांचं नाव अगदी नीट घेतलं, पुढे 'ओ' लावून. यांनीही तसंच म्हटलं. टेक्सास राज्याचा कारभार इमानाने करायची शपथ त्या 'ओ'सकट झाली आणि ती कुणी दुरुस्त केली नाही. मुलगी रुमालात तोंड खुपसून हसत होती की रडत होती, तिलाच ठाऊक.

लोक टाळ्या वाजवत पुढे आले. कोच हात पसरून निघाला होता. हे पोथीवरचा हात काढायला तयार नव्हते. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "परत एकदा म्हण ना."

"लोक थांबलेत," मी म्हटलं. आणि परत म्हटलं.